काळी पट्टी सरकली तेव्हा: शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शिकेतल्या स्क्रीनशॉटांचं प्रकरण

कॉलेज, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय. मी तिथे संगणक शिकवते. प्रवेश उरकले की शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. महाडीबीटी पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरायचा आणि कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा, अशी रीत. घरी कॉम्प्युटर असलेली मुलं थोडी. बहुतेकांचा अर्ज मोबाइलवर होतो, नाहीतर एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत. तिथे घाईत काहीतरी चुकतं, अर्ज परत येतो आणि शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीपुढे रांग लागते.

त्या खिडकीमागच्या लिपिकांना सगळं कॉलेज भाऊसाहेब म्हणतं, मीही तेच म्हणते. रोज शंभर वेळा तेच सांगून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःहून एक मार्गदर्शिका केली. प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण, शेजारी मराठीत दोन ओळी. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे कुणी पैसेही देणार नव्हतं. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून त्यांना निष्काळजी ठरवणं फार सोपं आहे. माणूस निष्काळजी नव्हता. त्यांनी खाजगी माहिती झाकली होती, आणि मन लावून झाकली होती.

त्यांची पद्धत अशी. एका विद्यार्थिनीला शेजारी बसवून तिचा खरा अर्ज भरायचा आणि भरता भरता प्रिंट स्क्रीन दाबत जायचं. मग चित्रं गूगल स्लाइड्समध्ये चिकटवून बाण काढायचे आणि आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर यांवर काळे चौकोन ठेवायचे. दोन चित्रं मोबाइलवरची होती. त्यांत खाते क्रमांक पिक्सेलेट केला होता, म्हणजे अंकांच्या जागी करडे ठिपके. शेवटी सगळ्याची पीडीएफ काढली. ती वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि ड्राइव्हच्या लिंकचा क्यूआर कोड सूचनाफलकावर लागला.

मुलांना ती आवडली. खिडकीपुढची रांग दोन दिवसांत कमी झाली.

अडचण

चौथ्या दिवशी बीसीएसच्या, म्हणजे संगणकशास्त्राच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा लॅबमध्ये आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "मॅडम, एक दाखवायचंय, पण ओरडू नका." त्याला उत्पन्नाच्या दाखल्याचं एकच पान मित्रांना पाठवायचं होतं आणि त्यावरचा बाण मोठा करायचा होता. आमच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू आहे, म्हणून त्याने पीडीएफ लिब्रेऑफिस ड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. बाण पकडायला गेला आणि चुकून काळा चौकोन पकडला गेला. चौकोन माउसबरोबर सरकला. खाली बारा आकडे लख्ख दिसत होते.

कारण साधं आहे. स्लाइड्समध्ये ठेवलेला चौकोन चित्राचा भाग होत नाही, तो चित्रावर ठेवलेली वेगळी वस्तू असतो. पीडीएफ काढली तरी चित्र अखंड जातं आणि त्यावर चौकोन काढायची सूचना वेगळी जाते. पाहणाऱ्याला काळं दिसतं, फाइलमध्ये दोन्ही असतं. टेबलावरच्या कागदावर पुस्तक ठेवलं म्हणून कागदावरची शाई पुसली जात नाही, तसंच.

आम्ही दोघांनी मग पानं एकेक करून तपासली आणि आणखी गोष्टी सापडल्या. पिक्सेलेट केलेला खाते क्रमांक मला चौकोनांपेक्षा जास्त खटकला, कारण तो खरोखर सुरक्षित वाटतो. अंक दहाच असतात. तोच फाँट आणि तोच आकार घेऊन प्रत्येक अंकाचे ठिपके कसे पडतील ते काढायचं आणि समोरच्या ठिपक्यांशी जुळवायचं, एवढं पुरतं. हे काम करणारं डेपिक्स नावाचं साधन २०२० मध्येच खुलं झालं आणि २०२२ मध्ये अनरिडॅक्टर आलं. प्रत्येक चित्रातून आकडे निघतीलच असं नाही. पण आधारसारख्या क्रमांकात शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे अंदाज चुकला की बरोबर हेही बऱ्याच वेळा कळतं.

प्रिंट स्क्रीनने अख्खा पडदा टिपला होता. त्यामुळे वर ब्राउझरच्या टॅब दिसत होत्या, एका टॅबवर दुसऱ्याच विद्यार्थ्याचं नाव होतं, आणि एका चित्रात कोपऱ्यात व्हॉट्सॲपची सूचना उघडी होती. सुदैवाने ती भाऊसाहेबांच्या मेव्हण्याच्या वाढदिवसाची होती.

पहिला निर्णय: कुणाला सांगायचं?

प्राचार्यांचं पहिलं मत होतं की लिंकवरची फाइल गुपचूप बदलावी, गाजावाजा नको. त्यांची बाजू मला कळत होती. बोभाटा झाला तर ज्यांनी पीडीएफ नुसती वाचली तेही चौकोन सरकवून बघतील, आणि हा मुद्दा खोटा नव्हता.

पण त्या मुलीला न सांगण्याचा पर्याय मला पर्याय वाटत नव्हता. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कुणाचा आधार क्रमांक असा जाहीर प्रसिद्ध करता येत नाही, हे मी सांगितलं. प्राचार्यांना कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त पटली असावी. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा वापरून बँक मित्राकडे पैसे काढता येतात, आणि नकली ठशांनी असे पैसे काढल्याचे गुन्हे नोंदलेले आहेत. मुलीने बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे आधारसाठी आपला ठसा चालणं बंद केलं, तर तो रस्ता बंद होतो. ते तिने स्वतः करायचं असतं, म्हणजे तिला माहीत असायला हवं.

ठरलं ते मधलं. ग्रुपवर कारण न देता "मार्गदर्शिकेत दुरुस्ती आहे, जुनी फाइल काढून टाका" एवढंच टाकायचं, आणि मुलीला व तिच्या आईला बोलावून सगळं स्पष्ट सांगायचं.

मुलगी घाबरण्यापेक्षा वैतागली. "माझाच अर्ज का घेतला?" हा तिचा प्रश्न रास्त होता आणि भाऊसाहेबांकडे त्याचं उत्तर नव्हतं. तिने होकार दिला होता, पण तो अर्ज भरून घ्यायला. तो सातशे मोबाइलवर फिरेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईची काळजी वेगळी होती: "लॉक केलं तर रेशन मिळंल का?" रेशन दुकानात अंगठा आईचाच लागतो, मुलीचा नाही. त्यामुळे फक्त मुलीचं बायोमेट्रिक लॉक करून भागलं. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीला या लॉकचा अडथळा नसतो, म्हणून तिचा शिष्यवृत्तीचा अर्जही अडकला नाही. बँकेत अर्ज देऊन खात्यावर लक्ष ठेवायला सांगितलं.

व्हॉट्सॲपवर "सगळ्यांसाठी डिलीट" करायची मुदत दोन दिवसांच्या थोडी पुढे असते. ती टळून गेली होती. ड्राइव्हवर मात्र लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते, म्हणून सूचनाफलकावरचा क्यूआर तसाच चालला. बदलताना जुनी आवृत्ती ड्राइव्हच्या इतिहासात मागे राहते, ती लगेच घालवायची तर हाताने काढावी लागते. हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

दुसरा निर्णय: नवी मार्गदर्शिका कशी करायची?

ऑफिसच्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही, पासवर्ड एजन्सीकडे. म्हणजे जे करायचं ते ब्राउझरमध्येच. पर्याय असे होते.

स्क्रीनशॉट घेणारं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन घ्यावं, हा पहिला. खूप लोक तेच वापरतात. पण ते बसवताना "सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागतं. ज्या ब्राउझरमधून शेकडो मुलांचे अर्ज तपासले जातात तिथे ही परवानगी कुठल्याशा अनोळखी एक्स्टेन्शनला द्यायची नाही, हे ठरवायला मिनिटही लागलं नाही.

ऑनलाइन संपादकांत दोन जाती आहेत. काही चित्र स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेतात, काही सगळं काम तुमच्याच ब्राउझरच्या आत, कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र रंगवायच्या फळीवर करतात. दिसायला दोन्ही सारखेच. ओळखायची आमची परीक्षा गावठी होती: पान उघडायचं, नेटची केबल काढायची, मग चित्र चिकटवून बाण काढून सेव्ह करून पाहायचं. केबल काढूनही जमलं तर काम जागच्या जागी होतंय. फोटोपी यात पास झालं, एक्सकॅलिड्रॉही झालं. एका बऱ्याच लोकप्रिय साइटचं चाक फिरतच राहिलं.

कॅनव्हासची खुबी म्हणजे तिथे काळा रंग भरला की त्या जागेचे जुने ठिपके खरोखर मरतात, आणि बाहेर पडणाऱ्या पीएनजीत, म्हणजे चित्राच्या फाइलमध्ये, फक्त शेवटचं रूप असतं. पण एक्सकॅलिड्रॉमध्ये निर्यात करताना सीन चित्रातच ठेवायचा पर्याय आहे. तो चालू राहिला तर पीएनजीच्या पोटात मूळ चित्र, बाण आणि चौकोन सगळे सुटे बसतात. ती फाइल परत तिथेच उघडली की चौकोन पुन्हा सरकतो. पुढे सुधारणा करायला फार सोयीचं, आमच्या कामाला घातक.

इथे एक विषयांतर. मार्च २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट संपादकाचा दोष उघड झाला होता. चित्र कापून सेव्ह केलं तरी जुन्या मोठ्या फाइलचं शेपूट मागे राहत होतं आणि त्यातून कापलेला भाग परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही पाठोपाठ तसंच सापडलं. तेव्हा नीट पुसणाऱ्यालाही साधन दगा देऊ शकतं. भाऊसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मॅडम, झाकायचं असं काही ठेवायचंच कशाला?"

आमच्या सगळ्या चर्चेतलं सर्वांत कामाचं वाक्य ते. मी तोवर झाकायची चांगली पद्धत शोधत होते.

काय केलं

स्क्रीनशॉट घ्यायच्या आधीच पान बदलायचं ठरलं. उघडलेलं पान ही ब्राउझरपुरती प्रत असते. ब्राउझरमध्येच असणाऱ्या डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, एक ओळ टाकून डिझाइन मोड चालू केला की वर्डच्या कागदासारखं पानावर कुठेही क्लिक करून मजकूर खोडता येतो. नाव, अर्ज क्रमांक, मोबाइलचे शेवटचे अंक, सगळं बदललं, मगच टिपलं. चित्रात खरी माहिती कधी आलीच नाही, त्यामुळे सरकवायला काही उरलं नाही. (याच युक्तीने लोक पैसे पाठवल्याचे खोटे स्क्रीनशॉट करतात. बीसीएसच्या त्या मुलाने हे पाहून विचारलं, "मग स्क्रीनशॉट पुरावा कसा धरतात?" मी विषय बदलला.)

पहिल्याच पानावर घोटाळा होता होता वाचला. अर्जाच्या रकान्यांत खोटी माहिती टाइप केली आणि भाऊसाहेबांचा हात सवयीने "सेव्ह"कडे गेला. दाबलं असतं तर एका खऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जात कचरा गेला असता. तेव्हापासून क्रम बांधला: पान पूर्ण उघडू द्यायचं, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क "ऑफलाइन" करायचं, मग बदल, मग स्क्रीनशॉट, मग टॅब बंद. ऑफलाइन टॅबमध्ये "सेव्ह" दाबलं गेलं तरी अर्ज बाहेर जात नाही. यावेळी लॉगिन त्या बीसीएसच्या मुलाचं होतं. त्याने स्वतः, खाजगी विंडोमध्ये केलं आणि काय छापलं जाणार ते आधी पाहिलं.

प्रिंट स्क्रीन सोडून फायरफॉक्सचाच स्क्रीनशॉट वापरला. राइट क्लिक केलं की तो पर्याय येतो आणि फक्त पानच टिपलं जातं, टॅब आणि सूचना येत नाहीत. शिवाय पानावरचा एकच चौकट-भाग नेमका निवडता येतो, हाताने कापत बसावं लागत नाही. क्रोमवाल्यांना हेच डेव्हलपर टूल्समधून मिळतं, जरा आडवळणाने.

दुसरा बदल मला जास्त समाधान देऊन गेला. जुनी चित्रं कॉम्प्युटरच्या पडद्याएवढी रुंद होती. मोबाइलवर ती बोटाएवढी होत आणि मुलं चिमटीने मोठं करून वाचत. मुलं अर्ज मोबाइलवर भरतात, तर चित्रही मोबाइलचंच हवं. कंट्रोल-शिफ्ट-एम दाबून पान ३६० पिक्सेल रुंद केलं. तेवढ्या रुंदीचं चित्र धूसर येतं, म्हणून फायरफॉक्सच्या कन्सोलमधल्या स्क्रीनशॉटच्या आज्ञेत पिक्सेलचं प्रमाण दुप्पट दिलं. अक्षरं कोरल्यासारखी आली. साठवलं पीएनजीमध्येच, कारण जेपीईजीत बारीक अक्षरांच्या कडेला मुंग्या लागल्यासारखे डाग येतात. ग्रुपवर चित्र म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाकलं, नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून टाकतं.

मग मजकुरावरून आमचं वाजलं. भाऊसाहेबांना चित्रावरच मराठी सूचना हव्या होत्या. लिहून पाहिलं. संपादकात "ल" आणि "श" हिंदी वळणाचे आले, आणि भाऊसाहेबांची शिस्त जुन्या जीवन शिक्षणाच्या शाळेतली, त्यांना ते सहन होईना. बऱ्याच देवनागरी फाँटांत दोन्ही वळणं असतात. मराठी वळण यायला मजकुराला भाषा मराठी अशी खूण लावावी लागते, आणि चित्र-संपादकांत ती सोय सहसा नसते. तासभर फाँट बदलत बसल्यावर मी सुचवलं की चित्रावर फक्त गोलात आकडा टाकू, १, २, ३, आणि सूचना चित्राखाली मजकूर म्हणून लिहू. त्यांना ते आधी ओकंबोकं वाटलं. पण मजकूर बाहेर आल्यावर तो शोधता येतो, कॉपी करता येतो, आमच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो वाचू शकतो, आणि पोर्टलचं रूप बदललं तर फक्त चित्र बदलायचं.

लाल बाणही गेले. अनिवार्य रकान्यापुढची चांदणी लालच असते, आणि काही मुलांना बाणाचं टोक चांदणीशी जोडलेलं वाटत होतं. गडद निळे गोल आले.

निष्पत्ती

नवी मार्गदर्शिका आठवड्यात झाली. पाठवण्याआधी त्याच मुलाला दिली आणि सांगितलं, फोड. त्याने ती ड्रॉमध्ये उघडली, चित्रं बाहेर काढली, उजेड वाढवून पाहिला. काही निघालं नाही.

पण एक गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती. आधारच्या रकान्यात आम्ही मुद्दाम शून्याने सुरू होणारा क्रमांक टाकला होता, कारण खरा आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणजे चुकून कुणाचा खरा क्रमांक छापला जाण्याचा धोका नव्हता. बँकेच्या रकान्यात मात्र खरा वाटेल असा खाते क्रमांक दिला होता. पहिल्या वर्षाच्या तीन मुलांनी तो जसाच्या तसा आपल्या अर्जात भरला. भाऊसाहेबांनी तपासणीत पकडलं म्हणून ठीक. त्यानंतर रकान्यांत आकड्यांऐवजी "तुमच्या पासबुकातला खाते क्रमांक" असे शब्द टाकले. डिझाइन मोडमध्ये काय, काहीही लिहिता येतं.

वर्षअखेरपर्यंत मुलीच्या खात्यात काही गडबड झाली नाही. रांग कमी राहिली. त्यात मार्गदर्शिकेचा वाटा किती आणि मुदतवाढीचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मुलीला मी त्याच दिवशी सांगितलं असतं. प्राचार्यांच्या होकारासाठी दीड दिवस थांबले, आणि त्या दीड दिवसात तिचं बायोमेट्रिक उघडंच होतं. ग्रुपवरच्या मोघम सूचनेबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. कारण न कळल्यामुळे निम्म्या मुलांनी जुनी फाइल काढलीच नसणार. कारण सांगितलं असतं तर काहींनी ती मुद्दाम उघडली असती.

भाऊसाहेबांना शिकवायला हवं होतं ते मीच, आणि वर्षभर आधी. बीसीएसच्या मुलांना मी कॅनव्हास शिकवते, थर शिकवते, आणि माझ्या लॅबपासून वीस पावलांवर एक माणूस चौकोनांनी आकडे झाकत बसला होता. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी डोकावले नाही.

पुढच्या जुलैत माझ्या भाच्याने, जो दुसऱ्या तालुक्यात शिकतो, मला एक पीडीएफ पाठवली: "मावशी, हे बघ, भारी गाइड आहे." आमचीच होती, जुनी, लाल बाणांची. पहिल्या पानावर आमच्या कॉलेजच्या नावावर कुणीतरी काळी पट्टी ठेवली होती. मी ती ड्रॉमध्ये उघडली आणि पट्टी बाजूला ओढली. सरकली.